‘बेस कमी शे भो’ लिहिण्याआधी: नवख्याच्या डबस्टेप ट्रॅकवर मत कसं द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे, अमळनेर, शिरपूर भागातली सात-आठ पोरं लॅपटॉपवर डबस्टेप (खोल बेसवर उभा असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार) आणि इतर इलेक्ट्रॉनिक संगीत बनवतात आणि एकमेकांना ट्रॅक पाठवतात. उत्तरं येतात ती दोनच: ‘भारी शे भो’ (भारी आहे भाऊ) नाहीतर ‘बेस कमी शे’ (खालचे जाड सूर कमी आहेत). पहिल्या उत्तरानं ट्रॅक सुधरत नाही आणि दुसऱ्यानं बऱ्याचदा बिघडतो. मग कामाचं मत द्यायचं कसं?

दुसऱ्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण नुकसान तेच जास्त करतं. ‘बेस कमी’ हे लक्षण झालं, दुखणं वेगळं असतं. ट्रॅकवाला ते वाचतो आणि बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) चार डेसिबलनं वर ढकलतो. मास्टरवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवरचा) लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन, मग आणखी दाबतो, स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) चेपतो आणि ट्रॅक आधीपेक्षा मऊ लागतो. लगेच कोणीतरी लिहितो, ‘आता पंच गेला’. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरच्या काही टेम्प्लेटमध्ये मास्टरवर आधीपासून लिमिटर बसवलेला असतो आणि नवख्याला तो तिथे आहे हेच माहीत नसतं. म्हणून लक्षण लिहिण्याआधी दोन मिनिटं कारण शोधावं.

पहिला संशय स्वतःच्या ऐकण्यावर घ्या. डबस्टेपचा सब, म्हणजे बेसचा सगळ्यात खालचा थर, बहुधा ४० ते ५५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ‘एफ’ सुरातला सब ४३.६५ हर्ट्झवर येतो. फोनचा स्पीकर १५०-२०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. त्यामुळे फोनवर ऐकून बेसबद्दल बोलायचंच नाही. तरीही फोनवर सबची चाहूल लागावी असं वाटत असेल, तर फेडर वाढवून काही होत नाही. सबवर हलकं सॅच्युरेशन लावायला सांगा. मूळ सूर थोडा खरवडला की त्याच्या पटीतले ८७, १३१, १७५, २१८ हर्ट्झचे उपसूर तयार होतात. त्यातले वरचे फोनला वाजवता येतात आणि मूळ सूर गैरहजर असला तरी कान तो भरून काढतो.

खोलीही फसवते. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमधली पहिली उभी लहर साधारण ५६ हर्ट्झची असते. ‘ए’ सुराचा सब ५५ हर्ट्झचा. म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेल्याला तो सूर गायब वाटतो आणि भिंतीला टेकून बसलेल्याला तोच सूर घुमतो. स्पीकर चालू ठेवून खोलीत दोन पावलं पुढे-मागे सरका. बेस जागेनुसार बदलत असेल तर हेडफोन घाला. आणि कूलर बंद करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळात हे सांगणं म्हणजे वैर घेणं आहे, पण कूलरची घरघर खालचा बराच पट्टा झाकून टाकते. दहा मिनिटं घाम गाळावा.

ऐकणं ठीक असेल तर आता ट्रॅककडे या. व्हॉक्सेन्गोचा स्पॅन हा फुकटचा अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं साधन) मास्टरवर लावून ड्रॉप, म्हणजे तयारीनंतर बेस आणि ठेका एकदम कोसळतो तो भाग, वाजवा. खालचा उंचवटा कुठे आहे ते बघा. तो ३२-३३ हर्ट्झवर असेल तर ट्रॅक ‘सी’मध्ये आहे आणि सूरच फार खाली गेला आहे. डीजेच्या गाडीवरच्या अठरा इंची पेट्यांचा जोरही साधारण ४० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. उपाय म्हणजे अख्खा ट्रॅक चार-पाच सेमीटोन (अर्धसूर) वर, ‘ई’ किंवा ‘एफ’मध्ये नेणं. आवाज न वाढवता बेस सापडतो.

उंचवटा जागेवर असूनही बेस पोकळ लागत असेल तर मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र) करून ऐका. मोनोत सब खचला तर बहुधा सबच्या पॅचमध्ये (सिंथवर घडवलेल्या आवाजात) युनिसन, म्हणजे एकाच सुराच्या अनेक प्रती, चालू आहे. सीरम असो की फुकटचं व्हायटल (दोन्ही सॉफ्टवेअर सिंथ), तयार प्रीसेटमध्ये चार-सहा आवाज थोडे थोडे बेसूर करून डावी-उजवीकडे पसरवलेले असतात. वरच्या पट्टीत ते रुंद आणि छान लागतं. सबमध्ये तेच आवाज एकमेकांना खातात. सबसाठी एकच साइन (साधी, गुळगुळीत लहर), एकच आवाज आणि १००-१२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो. शिवाय प्रत्येक सुराला लहर एकाच बिंदूपासून सुरू व्हावी म्हणून ऑसिलेटरचा फेज पक्का करायला सांगा. तो मोकळा राहिला तर एक किक (खालच्या ड्रमचा ठोका) दणकट आणि पुढची भुसभुशीत असा प्रकार होतो आणि ट्रॅकवाला बिचारा किकचे सॅम्पल बदलत बसतो.

तिसरी तपासणी: १०० हर्ट्झला लो-पास लावून फक्त खालचा भाग ऐका. एकसारखी भिंत ऐकू यावी, किकच्या जागी छोटा श्वास घेतलेली. किक आणि सब एकमेकांवर चढत असतील तर साइडचेन (किक वाजताच सब क्षणभर दाबणारी जोडणी) नाही किंवा चुकीचा आहे. अॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) जवळजवळ शून्य, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ८० ते १५० मिलिसेकंद. १४० बीपीएमला (मिनिटाला १४० मात्रा) बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनाच्या, सोळाव्या भागाची लांबी १०७ मिलिसेकंद भरते, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. रिलीज ३०० वर ठेवला की सब उशिरा परततो आणि ‘बेस कमी’ वाटतो, फेडर कितीही वर असो. डबस्टेपमध्ये स्नेअरसाठीही थोडी जागा करावी लागते, हे हाऊस ऐकून आलेले हमखास विसरतात.

मग मधला बेस. ग्रोल (गुरगुरता आवाज), वॉबल (डुलता आवाज) जे काही असेल, त्याचाही स्वतःचा खालचा भाग असतो आणि तो सबशी भांडतो. त्याला १०० ते १५० हर्ट्झच्या खाली कापायचं. उलट १५० ते ३५० मध्ये पॅड (मागे रेंगाळणारे लांब सूर), गायन, रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी असं सगळं साचलं असेल तर बेस असतो, पण चिखलात रुतलेला. एवढं सगळं तपासून झाल्यावरही सब कमीच असेल, तर आणि तेव्हाच ‘फेडर दीड-दोन डेसिबल वर घे’ लिहा.

एका तक्रारीवर इतकं लिहिलं, कारण बाकीच्या तक्रारींचीही रीत हीच आहे. कानाला काय लागलं, कुठल्या क्षणी लागलं, कशामुळे असावं आणि एक काय बदलून बघावं. यातलं चौथं नसेल तर मत अर्धवट आणि दुसरं नसेल तर निरुपयोगी.

ऐकण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ट्रॅक कोणत्या टप्प्यावर आहे? आठ बारचा नुसता विचार असेल तर मिक्सवर बोलणं म्हणजे पाया खोदतानाच रंगाची चौकशी. दोन, प्रोजेक्ट पुन्हा उघडतो का? एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये गाणं एक्स्पोर्ट होतं, प्रोजेक्ट सेव्हही होतो, पण बंद केल्यावर लायसन्स घेतल्याशिवाय तो परत उघडता येत नाही. अशा पोराला ‘दुसऱ्या ड्रॉपचे सूर बदल’ सांगून काय होणार? त्याला पुढच्या ट्रॅकसाठीचं मत द्या आणि बंद करण्याआधी गाण्यातला प्रत्येक आवाज (किक, सब, स्नेअर) वेगळा एक्स्पोर्ट करून ठेवायची सवय लावा.

फाईल ३२० केबीपीएसची एमपीथ्री किंवा वेव्ह मागा, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून. साडेतीन मिनिटांची एमपीथ्री आठ-साडेआठ एमबी होते, वेव्ह पस्तीसच्या आसपास. स्क्रीन-रेकॉर्डिंगवर किंवा रीलवर मत द्यायचंच नाही. त्यात वरचा पट्टा गेलेला असतो आणि तुम्ही हाय-हॅटला (ड्रमच्या झांजेला) नावं ठेवून मोकळे होता.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा थांबू नका, काही लिहू नका. फक्त एवढं पकडा की लक्ष कुठे उडालं. ते ठिकाण फार मोलाचं असतं आणि दुसऱ्या वेळी ते सापडत नाही, कारण पुढे काय येणार ते तोवर कळलेलं असतं. दुसऱ्यांदा वेळ टाकून टिपा काढा. तिसऱ्यांदा त्याच जातीच्या एखाद्या तयार ट्रॅकशी ताडून ऐका, पण तयार ट्रॅकचा आवाज खाली आणून. मास्टर केलेला ट्रॅक सहा-आठ डेसिबलनं सहज मोठा असतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. हे न करता केलेली तुलना फेकून द्यावी.

‘त्याच जातीच्या’ यावर थोडं थांबायला हवं. डबस्टेप लंडनच्या दक्षिणेकडच्या क्रॉयडन भागात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गॅराज आणि जमैकन डबमधून आकाराला आलं. ते मोकळं, अंधारं, सबवर उभं असलेलं संगीत होतं. २०१० च्या सुमारास मधल्या पट्टीत गुरगुरणारा, भरगच्च प्रकार जगभर पसरला आणि आपल्याकडची बहुतेक पोरं त्याच दारानं आत आली. पहिल्या प्रकारच्या ट्रॅकला ‘रिकामं वाटतं’ म्हणणं हा दोष दाखवणं नव्हे, आवड सांगणं आहे. तसंच ‘स्लो आहे’ हे मत. डबस्टेपचा वेग १४०, पण स्नेअर तिसऱ्या मात्रेवर पडतो म्हणून चाल ७० ची लागते. लगीनसराईत अहिराणी डीजे गाण्यांवर हळदीला नाचलेल्या पायांना हा ठेका सुस्त वाटणारच. बनवणाऱ्यानं हळदीसाठी केलाच नसेल तर हे मत गिळून टाका.

मत देण्याचा क्रम पक्का ठेवा: आधी विचार आणि मांडणी, मग आवाजांची निवड, मग मिक्स, सगळ्यात शेवटी लाऊडनेस. उलट क्रमानं गेलं की पोरगं तीन दिवस स्नेअरचा ईक्यू (खालच्या-वरच्या पट्ट्यांचा समतोल) करतं आणि नंतर तो अख्खा भागच काढून टाकावा लागतो.

मांडणीवर बोलताना आकडेमोड करा. १४० ला एक बार १.७१ सेकंदांचा, सोळा बार साडेसत्तावीस सेकंद, बत्तीस बार पंचावन्न. पहिला ड्रॉप साधारण पंचावन्नाव्या सेकंदाच्या आसपास आला तर ठीक. तो १:५० ला येत असेल तर सुरुवात चौसष्ट बारांची आहे, आणि तेवढा वेळ धरून ठेवण्याइतकं त्यात काही घडतं का, हा प्रश्न थेट विचारा. ड्रॉपमध्ये सर्रास आढळणारा दोष म्हणजे दोन बारांचा तुकडा आठ वेळा चिकटवलेला. बनवणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटत नाही, कारण तो तुकडा घडवतानाच त्याचे चार तास गेलेले असतात. त्याला तमाशातले सवाल-जवाब आठवून द्या. डबस्टेपचा ड्रॉप तसाच चालतो. दोन बार ग्रोलनं सवाल टाकला की पुढच्या दोन बारांत वेगळ्या आवाजानं, वेगळ्या लयीत जवाब यावा. सवालात वॉबल आठव्या भागावर फिरत असेल तर जवाबात ट्रिप्लेटवर (एका मात्रेत तीन) फिरवा. चौथ्या आणि आठव्या बारच्या शेवटी काहीतरी मोडावं. एक किक गाळा, अर्धी मात्रा शांतता ठेवा. शांतता फुकट मिळते, तरी कोणी वापरत नाही.

‘ड्रॉप पडत नाही’ ही तक्रार तर ड्रॉपमध्ये शोधूच नये. ड्रॉपच्या आधीचे शेवटचे आठ बार वाजवा आणि मीटरकडे बघा. बिल्डअप (ड्रॉपकडे चढत जाणारा भाग) ड्रॉपइतकाच मोठा असेल, तितकाच रुंद असेल, त्यात सबही चालू असेल आणि पांढऱ्या नॉइजचा रायझर (चढत जाणारा सुसाट आवाज) सगळा पट्टा व्यापून बसला असेल, तर ड्रॉपला वर जायला जागाच उरत नाही. रायझर २००-३०० हर्ट्झच्या खाली कापा. बिल्डअपचे शेवटचे चार बार दोन-तीन डेसिबल खाली आणा, सब पूर्ण बंद करा, शक्य असेल तर रुंदी कमी करत न्या. ड्रॉपच्या आधी अर्धी ते एक मात्रा मोकळी सोडा आणि त्या मोकळ्या जागेत रिव्हर्बची शेपटी सांडत असेल तर ती कापा. ड्रॉपला हातही न लावता तो दुप्पट वजनाचा लागतो.

खरखर ऐकू आली तर आधी ठरवा की ती हवी म्हणून आहे की चुकून आली. या संगीतात डिस्टॉर्शन हा मसाला आहे, भरताला वांग्याचा धूर लागतो तसा. पण धूर वेगळा आणि करपलेलं वेगळं. लिमिटरच्या आधी सगळ्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरवायला सांगा. खरखर गेली तर मास्टर ओव्हरलोड होता. राहिली तर ती पॅचमध्ये किंवा सॅम्पलमध्ये आहे, आणि मग ती मुद्दाम ठेवली आहे का हे विचारा. स्नेअरचा माथा थोडा छाटलेला असणं ही सर्रास चालणारी युक्ती आहे. सब दर सुराला तडतडणं ही चूक.

स्नेअरबद्दल थोडक्यात: अंग २०० हर्ट्झच्या आसपास, तडाखा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. नुसता कडकड वाजत असेल तर खालचा थर नाही. नुसता धप्प वाजत असेल तर वरचा नाही.

लाऊडनेसवर नवख्याला फार बोलू नका. भरगच्च डबस्टेपचे तयार ड्रॉप अनेकदा उणे ५-६ एलयूएफएसच्या (लाऊडनेसचं माप) आसपास दाबलेले असतात आणि पोरं तो आकडा गाठायला निघतात. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ ला आणून वाजवतं, म्हणजे चेंगरून मिळवलेला आवाज तिथे परत जातो आणि चेंगरणं मात्र राहतं. मास्टरच्या आधी उणे ६ डेसिबलपर्यंतचे पीक ठेव, एवढं सांगून थांबा.

आता आपल्या भागातला एक मुद्दा. हल्ली कुणी नंदुरबारकडची पावरी (आदिवासी फुंकवाद्य) घेतो, कुणी सांबळ, कुणी आजीच्या आवाजातली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी फोनवर रेकॉर्ड करून ड्रॉपच्या आधी लावतो. कल्पना उत्तम, पण तक्रार ठरलेली: ‘काहीतरी बेसूर वाटतंय’. पावरीचे सूर पियानोच्या पट्ट्यांवर बसतीलच असं नाही, आणि आजीनं काही ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला सूर लावलेला नसतो. ऑटोट्यून लावून गाणं सरळ करायला सांगू नका, त्यात गाण्याचा जीव जातो. गाण्याचा षड्ज शोधा आणि सिंथचा मास्टर ट्यून वीस-तीस सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) वर-खाली करून त्याच्याशी जुळवा. फोनच्या रेकॉर्डिंगला १५० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, नाहीतर भांड्यांचा आणि वाऱ्याचा गोंधळ सबमध्ये शिरतो. लांब रिव्हर्ब लावण्याआधी मूळ रेकॉर्डिंगमध्ये अंगणाचा घुमारा किती आहे ते ऐका, बहुधा पुरेसा असतो. वाजवणाऱ्याला, गाणारीला विचारलं होतं का, हेही मताचाच भाग समजून विचारा. खानदेशात श्रावणात पुजल्या जाणाऱ्या कानुबाई देवीच्या गाण्याचे तुकडे करून ग्रोलमध्ये कोंबले असतील तर ते तांत्रिकदृष्ट्या कितीही जमलेलं असो, श्रावणात गावात काय ऐकावं लागेल याची कल्पना बनवणाऱ्याला मित्रानं आधी द्यावी.

लिहायचं कसं, त्याचा एक नमुना:

‘भो, ०:५५ च्या ड्रॉपचा ग्रोल झकास बसला शे. दुसऱ्या बारच्या शेवटी ट्रिप्लेटची जी फिरकी आहे ती तर अजिबात काढू नको. पण १:०१ पासून तोच सवाल परत येतो, जवाब येत नाही. पाचव्या ते आठव्या बारमध्ये ग्रोल बंद करून नुसता सब आणि एक चिरका आवाज ठेवून बघ. दुसरं, मोनो केल्यावर सब जवळजवळ जातो. पॅचमध्ये युनिसन चार दिसेल, एकवर आण. स्नेअरला आत्ता हात लावू नको, सब नीट झाल्यावर तो आपोआप वर येईल असं वाटतं. या दोन गोष्टी करून परत पाठव.’

यात वेळ आहे, काय ठेवायचं ते आहे, करून बघायच्या दोनच गोष्टी आहेत, आणि जिथे खात्री नाही तिथे ‘वाटतं’ आहे. चांगलं ते सांगताना नुसतं ‘भारी’ नको, कारण काय भारी हे कळलं नाही तर पुढच्या आवृत्तीत तेच पहिलं कापलं जातं. एका वेळी जास्तीत जास्त तीन मुद्दे. बारा मुद्दे लिहिले की समोरचा सगळ्यात सोपे तीन करतो, आणि ते सहसा सगळ्यात बिनमहत्त्वाचे असतात. वयानं मोठ्या माणसाचा ट्रॅक असेल तर ‘दादा’ म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा, पण मुद्दे तेच ठेवा. आदरापोटी युनिसन कमी होत नाही.

दुसरी आवृत्ती आली की पहिलीशेजारी ठेवून ऐका. यूलीनचा फुकटचा लाऊडनेस मीटर लावून दोन्ही एका पातळीवर आणा. मग दुसऱ्या कुणाला तरी फाईली अदलाबदल करून वाजवायला सांगा, कोणती जुनी कोणती नवी ते तुम्हाला कळू न देता. तुम्ही जुनी फाईल चांगली म्हणून निवडलीत तर तसं लिहून कळवा आणि आपला तो मुद्दा मागे घ्या.